हजेरी घेताना

दसरा झाला की बीड जिल्ह्यातल्या बालाघाटाच्या रांगांमधल्या गावांतून ट्रक भरायला लागतात. वाकळा, भांडी, सरपणाची मोळी, दोन-चार कोंबड्या आणि या सगळ्यावर बसलेली माणसं. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, कोयता ठरलेला असतो. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. ऊसतोडीच्या हिशेबात माणसं अवजारानं मोजतात. पश्चिम महाराष्ट्रातल्या किंवा कर्नाटकातल्या कारखान्यांचे बॉयलर एकदा पेटले की मार्च-एप्रिलपर्यंत ही माणसं गावाला येत नाहीत. लेकरांपुढे दोनच वाटा असतात. एक तर तीही ट्रकमध्ये चढतात आणि हंगामभर उसाच्या फडाकडेला कोपीत राहतात, नाहीतर गावात म्हाताऱ्यांपाशी मागे राहतात.

मागच्या वर्षी दिवाळीची सुट्टी संपल्यावर अशाच एका गावातल्या दोनशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत मी पाच दिवस बसले. गावाचं नाव लिहिणार नाही, मुलांचीही नाही. वर्गात बसू देताना तिथल्या बाईंनी मला घातलेली ही एकच अट होती, आणि पुढे जे पाहिलं त्यानंतर ती अट मला फार मोलाची वाटली.

पटावर एकतीस मुलं. त्या आठवड्यात वर्गात येत होती ती बावीस. बाई हजेरी घेताना वहीत बघत नाहीत. नावं पाठच आहेत. वही मांडीवर, पेन हातात आणि नजर पोरांवर. नाव घेतलं की पोरगं हात वर करून ‘हजर मॅडम’ म्हणतं, बाई त्याच्याकडे क्षणभर बघतात आणि पुढचं नाव घेतात. दुसऱ्या दिवशी तिसरीतल्या एका मुलीनं हात वर केला. मला त्यात काहीच वेगळं दिसलं नाही. बाईंचाही आवाज बदलला नाही, हजेरी त्याच लयीत संपली. परिपाठ झाला, पाढे झाले. मधल्या सुट्टीआधी बाई तिला म्हणाल्या, ‘‘चल गं, तांदूळ मोजू लाग मला.’’ मलाही डोळ्यांनी खुणावलं, पण लांब बसा असं.

पोषण आहाराची कोठी म्हणजे शाळेच्या व्हरांड्याचं एक टोक, पत्रा लावून बंद केलेलं. मुलगी डाव्या हातानं मापटं भरत होती. उजवा हात फ्रॉकच्या घेरात.

‘‘हाताला काय झालं?’’
‘‘भाजलं.’’
‘‘कसं काय भाजलं?’’
‘‘भाकर टाकताना.’’
बाई गप्प राहिल्या. तांदूळ पातेल्यात पडत राहिला.
‘‘आजीला दिसंना झालंय,’’ मुलगी आपणहून म्हणाली. ‘‘म्हणून मीच करते. दादूला अन् बारक्याला.’’
आणखी दोन मापं पडली.
‘‘मॅडम, आईला नका सांगू. ती तिकडून निघून येईल. मग उचल फिटायची नाही.’’

नऊ वर्षांची मुलगी. तिला उचल म्हणजे काय हे माहीत होतं, ती फिटली नाही तर काय होतं हेही माहीत होतं.

बाई खाली बसल्या, तिच्या डोळ्यांच्या उंचीला आल्या. म्हणाल्या, ‘‘कुणालाच सांगणार नाही असं मी म्हणणार नाही. पण ज्याला सांगेन त्याच्याविषयी आधी तुला सांगेन. चालेल?’’ मुलीनं मान हलवली. होय की नाही ते मला कळलं नाही.

दुपारी आशाताईंबरोबर मुलगी उपकेंद्रात जाऊन पट्टी करून आली. बाईंनी टेबलाच्या खणातून एक साधी दोनशेपानी वही काढली आणि तारीख, वेळ, तिथं कोण होतं ते लिहिलं. मग मुलीचे शब्द, जसेच्या तसे. वही माझ्यापुढे उघडली नाही, फक्त पद्धत सांगितली. ‘‘ती ‘भाजलं’ म्हणाली, तर ‘भाजलं’च लिहायचं. ‘चटका दिला’ असं आपल्या मनाचं लिहायचं नाही. आणि तिच्या तोंडात शब्द घालायचा नाही. ‘आजीनं भाजवलं का?’ असं मी विचारलं असतं, तर ती हो म्हणाली असती. मोठ्या माणसाला पोरं हो म्हणतात.’’ मग जरा थांबून म्हणाल्या, ‘‘सकाळपासून पोटात गोळा होता माझ्या. काय ऐकायला मिळतंय म्हणून.’’

त्यांना काय ऐकायची भीती होती हे त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

मी चौथीत होते तेव्हा माझ्या बाकावर बसणाऱ्या मुलीच्या पाठीवर पट्ट्याचे वळ होते. फ्रॉकची पाठीमागची बटणं तुटली होती म्हणून ते दिसले. मला दिसले, वर्गाला दिसले, गुरुजींनाही दिसले. ‘घरचं घरी,’ एवढंच ते म्हणाले आणि भागाकार पुढे सुरू झाला. गुरुजी वाईट नव्हते. आम्हाला ते आवडायचे. पाचवीला ती मुलगी शाळेत आली नाही. तिचं काय झालं हे मी कुणाला विचारलं नाही, कुणी मला सांगितलं नाही. या लेखासाठी फिरताना ती मुलगी सतत माझ्याबरोबर होती. ‘घरचं घरी’ हे दोन शब्द गुरुजींच्या तोंडून निघाले नसते, तर पुढे काय घडू शकलं असतं, हाच प्रश्न घेऊन मी शाळा-शाळांतून हिंडले.

आज त्या गुरुजींना तसं म्हणता येणार नाही. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या 17 व्या कलमानं शाळेत मुलाला मारायला आणि त्याचा मानसिक छळ करायला बंदी घातली. लैंगिक अपराधांपासून बालकांना संरक्षण देणारा कायदा, ज्याला सगळे पॉक्सो म्हणतात, 14 नोव्हेंबर 2012 पासून लागू झाला. 2015 चा बालन्याय कायदा ‘काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं बालक’ कोण हे सांगतो, आणि त्याच्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात एक अध्यक्ष आणि चार सदस्यांची बालकल्याण समिती बसवतो. म्हणजे कागदावर मुलाच्या पाठीशी आज तीन-तीन कायदे उभे आहेत.

पॉक्सोतली एक गोष्ट मात्र मी ज्या ज्या शिक्षकांशी बोलले, त्यांच्यातल्या निम्म्यांनाही नीट माहीत नव्हती. या कायद्याच्या 19 व्या कलमाप्रमाणे मुलावर असा अपराध झाल्याचं कळलं, किंवा होईल अशी धास्ती वाटली, तरी पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. पुरावा गोळा करणं शिक्षकाचं काम नाही. खात्री करून घेणंही नाही. चांगल्या हेतूनं कळवलं आणि पुढे तसं काही निघालं नाही, तर कळवणाऱ्यावर कारवाई होत नाही. दडवलं तर मात्र 21 व्या कलमाखाली सहा महिन्यांपर्यंत कैद आहे आणि संस्थेच्या प्रमुखाला एक वर्षापर्यंत. कळवल्यावर पोलिसांनी चोवीस तासांत बालकल्याण समितीला आणि विशेष न्यायालयाला सांगायचं असतं. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी घ्यायचा असतो, होता होईल तो महिला अधिकाऱ्यानं, आणि गणवेश न घालता. रात्री मुलाला ठाण्यात ठेवायचं नसतं. मुलीची वैद्यकीय तपासणी महिला डॉक्टरच करणार. हे सगळं वाचताना वाटतं, हा कायदा लिहिणाऱ्यानं कधीतरी घाबरलेलं लेकरू जवळून पाहिलेलं असावं.

आणि तरी शाळांमधून पहिली प्रतिक्रिया येते ती एकच: ‘आधी आम्ही आमच्या पातळीवर चौकशी करतो.’ या चौकशीत मुलाला पाच माणसांपुढे पाच वेळा तेच सांगायला लावतात. कधी ज्याच्याविषयी तक्रार आहे त्यालाच समोर उभं करतात. पालकांना ‘मुलीच्या भविष्याचा विचार करा’ म्हणतात. आठवडा जातो. मूल आपलं बोलणं मागं घेतं.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याच्या एका वसतिगृहातल्या आदिवासी मुलींवरच्या अत्याचाराचं प्रकरण 2019 मध्ये उघडकीला आलं. मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरनं पोलिसांना कळवलं नाही, असा आरोप होता. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं त्याच्यावरचा गुन्हा रद्द केला होता. 2 नोव्हेंबर 2022 ला सर्वोच्च न्यायालयानं तो निर्णय फिरवला आणि सांगितलं की माहिती असून न कळवणं हा गंभीर अपराध आहे, अशानं कायद्याचा हेतूच विफल होतो. महाराष्ट्रातल्या प्रत्येक मुख्याध्यापकाच्या टेबलावर हा निकाल मराठीत असायला हवा होता. मी गेले त्या एकाही शाळेत तो नव्हता.

मग ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूर घडलं. चार वर्षांच्या आसपासच्या दोन मुली, शाळेचाच सफाई कर्मचारी, आणि गुन्हा नोंदवून घेण्यासाठी पोलीस ठाण्यात तासन् तास ताटकळलेले आईबाप. 20 ऑगस्टला लोक रेल्वेच्या रुळांवर उतरले, लोकल बंद पडल्या. मुंबई उच्च न्यायालयानं आपणहून दखल घेतली. शाळेनं आणि पोलिसांनी लावलेल्या उशिराबद्दल कठोर बोल सुनावले. सरकारनं लगेच शासन निर्णय काढला: शाळाशाळांत सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी, तक्रारपेटी, सखी सावित्री समिती, विद्यार्थी सुरक्षा समिती. यातल्या बऱ्याच गोष्टी नव्या नव्हत्या. तक्रारपेटीचा आदेश 2017 चा आहे, सखी सावित्री समितीचा मार्च 2022 चा. जे आधीच असायला हवं होतं, तेच पुन्हा एकदा सांगावं लागलं.

तक्रारपेटी मी अकरा शाळांत पाहिली. सात ठिकाणी ती मुख्याध्यापकांच्या खोलीच्या दाराशी होती, माझ्या खांद्याच्या उंचीला. पहिलीतल्या मुलाची उंची किती असते? खुर्चीवर चढल्याशिवाय त्याचा हात तिथं पोचत नाही. आणि पोचला तरी पहिलीतल्या मुलाला लिहिता कुठं येतं? एका पेटीत कोळ्यानं जाळं विणलं होतं. एकीची किल्ली हरवली होती. मी हे कुणाला हिणवायला सांगत नाही. पेटी ‘बसवली’ असा अहवाल मागतात, शिक्षक तो देतात. ती कुणासाठी आहे हे विचारणारा रकाना त्या अहवालात नसतो.

सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेत मात्र वेगळं पाहिलं. तिथं पेटीऐवजी बिस्किटांचा मोठा डबा होता, पाणी प्यायच्या नळाच्या आडोशाला, मुलांच्या कमरेइतका खाली टांगलेला. बाजूला दोऱ्यानं बांधलेली खडूची कांडी आणि पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा. लिहिता येत नसेल तर चित्र काढा, चित्र येत नसेल तर नुसतं आपलं नाव टाका, बाई बोलावतील. शनिवारी डबा उघडताना गावातली एक आई आणि अंगणवाडी सेविका हजर असतात. बहुतेक चिठ्ठ्या ‘अमक्यानं माझा रबर घेतला’, ‘तमकी मला खेळायला घेत नाही’ अशा. तिथले गुरुजी त्यांनाही उत्तर देतात, एकूणएक. ‘‘रबराची दाद लागली, तरच पोरगं पुढं मोठी गोष्ट टाकेल ना,’’ ते म्हणाले. एका चिठ्ठीवर नुसता शाळेत येणाऱ्या रिक्षाचा नंबर होता. त्या नंबरचं पुढं काय केलं ते त्यांनी सांगितलं नाही. पण ती रिक्षा आता शाळेत येत नाही.

कॅमेऱ्यांविषयी मी फार लिहिणार नाही. लावावेत. फाटकावर, व्हरांड्यात, जिन्यात त्यांचा उपयोग आहे. स्वच्छतागृहात कॅमेरा नसतो, नसायलाच हवा, आणि बदलापूरच्या मुलींचं दुःख तिथलंच होतं. तिथं हवी एक सेविका, बाई माणूस, कायमच्या पगारावरची. जिल्हा परिषदेच्या किती शाळांत साधा शिपाई आहे, हे कुणीही गावी जाऊन बघावं.

मुंबईच्या उपनगरातल्या महापालिकेच्या एका मराठी शाळेत दुसरीच्या वर्गावर स्पर्शाचा तास बघितला. मुंबईत हे काम बरंच जुनं आहे. ‘अर्पण’सारखी संस्था 2006 पासून हेच करते. पूर्वी ‘चांगला स्पर्श, वाईट स्पर्श’ म्हणायचे, आता जाणकार ‘सुरक्षित आणि असुरक्षित’ म्हणतात. त्यामागचं कारण मला या तासाला समजलं. ओळखीच्या माणसाचा असुरक्षित स्पर्श मुलाला दर वेळी ‘वाईट’ वाटतोच असं नाही. कधी त्याच्याबरोबर चॉकलेट असतं, लाड असतात. नंतर कळतं तेव्हा मूल स्वतःलाच दोष देतं.

तास घेणाऱ्या ताईंनी फळ्यावर मुलगा आणि मुलगी काढली. शरीराचे भाग विचारले. नाक, कान, पोट सगळे ओरडून सांगत होते. मग हसणं सुरू झालं, तोंडावर हात गेले. कुणी ‘शूची जागा’ म्हणालं, कुणी ‘शेम शेम’. ताई हसल्या नाहीत आणि रागावल्याही नाहीत. म्हणाल्या, ‘‘ही शेम शेम नाही. ही तुमची खासगी जागा. तुमच्या पोटासारखी तुमचीच.’’ एक मुलगा उभा राहिला. ‘‘ताई, माझा मामा गुदगुल्या करतो. मी नको म्हणलं तरी थांबतच नाही. तो वाईट आहे का?’’

वर्गशिक्षिका चपापल्या. मीही. ताई त्याच्याजवळ गेल्या. ‘‘तू नको म्हणालास, हे अगदी बरोबर केलंस. नको म्हटलं की मोठ्यांनी थांबायचं असतं. मामा थांबला नाही तर कुणाला सांगशील?’’ ‘‘आईला.’’ ‘‘आईनं ऐकलं नाही तर?’’ मुलगा विचारात पडला. वर्गातून आवाज आला, ‘‘आजीला!’’ ‘‘आणि आजीनंही नाही ऐकलं तर?’’ ‘‘बाईंना!’’ सगळा वर्ग ओरडला. कुणीतरी विश्वास ठेवेपर्यंत सांगत राहायचं, एवढं एकच त्या तासात ताईंनी पाचदा वदवून घेतलं. तास संपल्यावर त्या मुलाशी बाजूला दहा मिनिटं बोलल्या. मामाच्या गुदगुल्या या गुदगुल्याच होत्या. पण त्यांनी ते गृहीत धरलं नव्हतं.

वर्गशिक्षिका नंतर चहा पिताना म्हणाल्या, ‘‘पोरं ‘बाईंना’ म्हणाली तेव्हा मला घाम फुटला. खरंच कुणी आलं तर मी काय करायचं, हे मला कुणी शिकवलंच नाही.’’

माझ्या मते सगळं इथं येऊन अडतं. मुलांना आपण ‘सांगा’ म्हणून शिकवलं आणि ज्यांना सांगायचं त्यांना ऐकायला शिकवलं नाही. प्रशिक्षणं होतात, मोठ्या सभागृहात, दोनशे जणांना, पडद्यावर कलमं दाखवून. पण रडणाऱ्या मुलासमोर आपला चेहरा कसा ठेवायचा, पहिला प्रश्न कोणता, कुठं थांबायचं, फोन कुणी करायचा, त्या दिवशी मुलाला घरी पाठवायचं की नाही, हे दहा जणांच्या गटात करून बघावं लागतं. पोहायला पुस्तक वाचून येत नाही.

आपल्याकडे शिक्षकाच्या मायेचा विषय निघाला की सानेगुरुजींचं नाव निघतं. अमळनेरच्या छात्रालयात मुलांची अंथरुणं आवरणारे, त्यांच्या आजारात उशाशी बसणारे गुरुजी. ते वाचून मीही रडले आहे. पण सानेगुरुजी शंभर वर्षांत एखादे होतात. दोन शिक्षकांच्या शाळेत चार वर्ग सांभाळणारा, मतदारयादीचं काम करणारा, दर दोन दिवसांनी नवी ऑनलाइन माहिती भरणारा साधा माणूस असतो. व्यवस्था त्या साध्या माणसाला झेपेल अशी लागते.

त्या साध्या माणसाच्या भीतीही ऐकायला हव्यात. जालन्याकडचे एक तरुण गुरुजी म्हणाले, ‘‘पहिलीतलं पोरगं पडलं, रडलं, की आधी उचलून कडेवर घ्यायचो. आता हात पुढे होत नाही. बाई नाहीत शाळेत. कुणी काय म्हणेल?’’ त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. याला उत्तर आहे, आणि ते मायेवर बंदी घालण्याचं नाही. मुलाला जवळ घ्यावं, सर्वांसमोर, उघड्या दारात, मुलाला हवं असेल तर. बंद खोलीत एकट्या मुलाबरोबर थांबू नये, कुणीच, स्त्री असो की पुरुष. हा नियम सगळ्यांना सारखा आणि सगळ्या पालकांना माहीत असला, की प्रामाणिक माणसालाही त्याचा आधार होतो. पण तो लिहून भिंतीवर लावलेला मी एकाच शाळेत पाहिला.

दुसरी भीती गावाची. ज्याच्याविषयी बोलायचं तो सरपंचाचा भाऊ असतो, नाहीतर शाळेला फरशी देणारा. बालविवाहाचं बघा. ग्रामीण भागात ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी आहे आणि त्याला त्याच गावात राहून वसुली करायची असते. पाचवी-सहावीतली मुलगी अचानक यायची थांबते, तेव्हा शिक्षकाला बहुतेकदा अंदाज असतो. फोन करायला हात धजत नाही. अशा वेळी 1098 उपयोगी पडतो. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेतून 1996 मध्ये सुरू झालेली ही हेल्पलाइन. ‘दस-नौ-आठ’ हा आकडा रस्त्यावरच्या मुलांनीच सुचवला, कारण उलटं मोजत गेलं की तो विसरत नाही. आता ती सरकारच्या यंत्रणेत आली आहे. फोन करणाऱ्याचं नाव गुप्त राहतं. हा आकडा पाठ्यपुस्तकांवरही छापलेला दिसतो. तो आपल्यालाही वापरता येतो, हे मात्र कितीतरी शिक्षकांच्या ध्यानातच आलेलं नाही.

आता मारण्याविषयी. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयानं 2007 मध्ये तेरा राज्यांतल्या बारा हजारांहून जास्त मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी 65 टक्क्यांनी शाळेत मार खाल्ल्याचं सांगितलं होतं, आणि निम्म्याहून जास्त मुलांनी कुठल्या ना कुठल्या लैंगिक त्रासाविषयी. छडी आता बरीच कमी झाली आहे, हे खरं. अंगठे धरणं, उठाबशा, वर्गाबाहेर उभं करणं, ‘तुझ्या डोक्यात दगड भरलेत’ हे अजून आहे, आणि ‘मारा पण शिकवा’ म्हणणारे पालकही. जी शाळा मुलाला मारते, त्या शाळेत मूल आपला मार सांगायला येत नाही. एवढं साधं आहे ते.

आणि भात. बीडकडच्या त्या शाळेतल्या बाई मला जेवणाआधी एका वहीत सही करताना दिसल्या. पोषण आहार मुलांना वाढण्याआधी शिक्षकानं चाखून नोंद करायची असते. 16 जुलै 2004 ला तमिळनाडूतल्या कुंभकोणमच्या शाळेत स्वयंपाकघरातून आग पसरली आणि 94 मुलं गेली. 16 जुलै 2013 ला बिहारच्या सारण जिल्ह्यात कीटकनाशक मिसळलेल्या जेवणानं 23 मुलं गेली. तारीख तीच. बाईंना ती ठाऊक नव्हती. पण त्यांनी तो घास नुसता जिभेला लावला नाही, बसून, चावून खाल्ला आणि मग वाढायला सांगितलं.

हात भाजलेल्या त्या मुलीचं पुढं काय झालं ते सांगते. तिसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर बाई, मोठे गुरुजी आणि आशाताई तिच्या घरी गेल्या. मीही मागे. आजी उंबऱ्यावर बसली होती, डोळ्यांवर पांढरा पडदा. ‘‘माझ्यामुळं लेकरू भाजलं,’’ म्हणून तिनं कपाळ बडवून घेतलं. तिथं गुन्हेगार कुणीच नव्हता. एक म्हातारी होती, तीन लेकरं होती आणि चारशे किलोमीटरवर ऊस तोडणारे आईबाप. बाईंनी 1098 ला फोन करून विचारलं, नोंद केली. मागे राहिलेल्या मुलांना नातेवाइकांकडे ठेवून त्यांच्या दोन्ही वेळच्या जेवणाची सोय करणारी हंगामी वसतिगृहाची योजना आहे. शाळेचा प्रस्ताव गेलेला होता, मंजुरी आलेली नव्हती. मुलांची पोटं मंजुरीपर्यंत थांबत नाहीत. शाळा व्यवस्थापन समितीतल्या एका आईनं, या मुलीच्या नात्यातल्याच, रात्रीच्या भाकरी स्वतःच्या चुलीवर करायचं पत्करलं. आशाताईंनी आजीचं नाव मोतीबिंदूच्या शिबिरासाठी घेतलं. बाईंनी मुलीला विचारलं, ‘‘आता आईला सांगायचं का आपण? तू बोल, मी शेजारी बसते.’’ मुलीनं मान हलवली. या वेळी मला कळलं.

फोनवर ती हाताचं काहीच बोलली नाही आधी. शेळी व्याली, दादू ‘क’ काढतो, आजी बरी आहे. मग म्हणाली, ‘‘आई, भाकरी आता काकू करतीय.’’ पलीकडून बराच वेळ काही आलं नाही. नंतर बाईंनी फोन घेतला आणि व्हरांड्याच्या टोकाला जाऊन बोलल्या. काय बोलल्या ते मी ऐकलं नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन जानेवारीत झालं. मंजुरी फेब्रुवारीत आली.

त्या शाळेतल्या माझ्या शेवटच्या दिवशी हजेरीत दुसरीतल्या एका मुलाच्या नावाला उत्तर आलं नाही. बाईंनी नाव पुन्हा घेतलं. मग वही मांडीवरून खाली ठेवली.

‘‘काल होता ना हा? कुणी पाहिला का त्याला?’’

‘‘म्या पाहिला मॅडम,’’ मागून एक जण म्हणाला. ‘‘रात्री. ट्रकात चढला.’’

‘‘कोणाच्या टोळीत?’’

मुलानं मुकादमाचं नाव सांगितलं. बाईंनी कपाट उघडून शिक्षण हमी कार्डांचा गठ्ठा काढला. गाव सोडून जाणाऱ्या मुलाला ते द्यायचं असतं, म्हणजे जिथं जाईल तिथली शाळा त्याला बसवून घेते. एक कार्ड त्याच्या नावानं भरायला घेतलं, कारखान्याच्या रकान्याशी थांबल्या आणि वर्गाला पाढे म्हणायला सांगून मुकादमाचा नंबर फिरवला. पोरं दोनाचा पाढा म्हणत होती. बाई एक कान बोटानं बंद करून दाराशी उभ्या होत्या. पलीकडे घंटी वाजत होती.